किलोभराचे बाळ नशिबाने मरत नाही



मेळाव्याच्या विषयपत्रिकेवर नेहमीचे विषय आहेतच. उसाचा दर आहे, कांद्याची निर्यात आहे, विजेचे बिल आहे, कालव्याचे आवर्तन आहे. यंदा त्यांत आणखी एक विषय घ्यावा असे मी सुचवले तेव्हा बैठकीत बऱ्याच जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या. विषय असा: दीड किलोच्या आत वजन घेऊन जन्मलेली बाळे आणि त्यांना होणारा रक्तातला जंतुसंसर्ग. डॉक्टर त्याला सेप्सिस म्हणतात. "हा डॉक्टरांचा विषय झाला, फार तर बायकांचा. शेतकरी चळवळीने त्यात कशाला पडायचे?" असा सवाल एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने केला.

सवाल सरळ आहे, उत्तरही सरळ देतो. शेतमालाचा भाव पडतो तेव्हा आपण त्याला नशीब म्हणत नाही. त्यामागे कोणाचे तरी धोरण आहे, कोणाची तरी सही आहे, असे आपण सांगतो आणि रस्त्यावर उतरतो. मग शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या, ऊसतोड्याच्या घरातले किलोभराचे बाळ आठव्या दिवशी जाते, तेव्हाच "देवाने दिले, देवाने नेले" म्हणून आपण गप्प का बसतो? या मरणामागेही धोरण आहे. माणसे न नेमण्याचे धोरण, आईला बाळापासून तोडण्याचे धोरण, यंत्राच्या खरेदीलाच इलाज समजण्याचे धोरण. हे मी पुराव्यानिशी सांगणार आहे.

वासराला चीक, बाळाला काय?

मी शेतीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. म्हणून आपल्या गोठ्यापासूनच सुरुवात करतो. गाय व्याली की जाणता शेतकरी तासाभरात वासराला चीक पाजतो. गाईच्या वारेतून वासराला रोगाशी लढण्याची ताकद मिळत नाही, ती सगळी चिकातून यावी लागते. चीक चुकला की वासराला हगवण लागते, सांधे सुजतात, वासरू हातचे जाते. हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

माणसाच्या बाळाला ही शिदोरी आईच्या वारेतून मिळते, पण ती बहुतेक शेवटच्या दोन-तीन महिन्यांत. जे बाळ सातव्या महिन्यातच बाहेर आले, त्याची शिदोरी बांधायचीच राहिली. दीड किलोच्या आतली बहुतेक बाळे अशी दिवस भरण्याआधीच आलेली असतात. त्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. अंगावर चरबी नाही, म्हणून ऊब टिकत नाही. चोखायला, गिळायला जोर नाही, म्हणून नळीने दूध आणि शिरेतून सलाईन. आतड्याचे अस्तर कच्चे. म्हणजे शेताला कुंपण नाही, राखणदार नाही आणि चारी बाजूंनी वाटा उघड्या.

या वाटांनी जंतू येतो कुठून? काही वेळा बाळंतपणाच्या वेळी आईकडून. पुष्कळदा मात्र तो येतो न धुतलेल्या हातांवरून, सलाईनच्या सुईतून, दुधाच्या नळीतून, एका बाळाचा कपडा दुसऱ्याला वापरल्यामुळे. म्हणजे ज्या खोलीत वाचवायला नेले, त्याच खोलीतून. दिल्लीच्या 3 मोठ्या रुग्णालयांत 2011 ते 2014 या काळात अतिदक्षता कक्षात घेतलेल्या 13,530 नवजात बाळांचा अभ्यास झाला आणि 2016 साली तो प्रसिद्ध झाला. दर 100 बाळांपैकी 14 बाळांना सेप्सिस झालेला आढळला. त्यातली दोन तृतीयांश प्रकरणे पहिल्या 72 तासांतली. जे जंतू सापडले त्यांत ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय हे आघाडीवर होते. ॲसिनेटोबॅक्टरचे 100 पैकी 82 नमुने अनेक औषधांना दाद देत नव्हते. राजधानीतल्या नामांकित रुग्णालयांची ही कथा, तर तालुक्याच्या दवाखान्याची काय असेल?

आणखी एक गोष्ट घराघरातल्या आज्जींनी ध्यानात ठेवावी. मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की ताप चढतो. एवढ्याशा बाळाला पुष्कळदा ताप येतच नाही, उलट अंग गार पडते. बाळ दूध ओढेनासे होते, हातपाय ढिले पडतात, रडणे क्षीण होते, पोट फुगते, श्वास मिनिटाला 60 च्या वर जातो, छाती आत ओढली जाते. "बाळ किती शांत झोपलंय" असे आपण म्हणतो, तेव्हा ते कदाचित शांत झोपलेले नसते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. काही तासांत खेळ संपतो.

एका सिस्टरला किती हात?

आपल्याकडे लोक म्हणतात, "बाळाला पेटीत ठेवलंय." पेटीत ठेवले म्हणजे वाचले, असा समज आहे. सरकारचाही तोच समज दिसतो. पेटी ऊब देते. ती हात धुवत नाही, दूध पाजत नाही, बाळ निळे पडले तर धावत येत नाही.

जरा हिशोब करू. एका सिस्टरकडे 10 बाळे आहेत असे धरा. प्रत्येक बाळाला दर 2 तासांनी दूध. 8 तासांच्या पाळीत 40 वेळा दूध पाजणे आले. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर एकेक मिनिट हात धुवायचे म्हटले तर 80 मिनिटे नुसती हात धुण्यात गेली. लंगोट बदलणे, सलाईन, औषधे, वजन, नोंदी आणि नव्याने आलेले बाळ हे वेगळेच. ती बाई देवमाणूस असली तरी एखाद्या वेळी हात न धुताच पुढच्या बाळाकडे जाणार. मग भिंतीवर "हात धुवा" अशी पाटी लावून साहेब मोकळे! आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षांसाठी केंद्र सरकारची 2011 ची मार्गदर्शिका आहे. प्रत्येक पाळीत 3 ते 4 बाळांमागे एक परिचारिका, असे प्रमाण त्यात धरले आहे. नियम सरकारचाच आहे. तो पाळा, एवढेच आपले मागणे.

दुसरा हात आहे आईचा, आणि तो तर फुकट आहे. पण आईलाच आपण दाराबाहेर बसवले आहे. बाळ आत पेटीत, आई बाहेर व्हरांड्यात, बाप खाली रस्त्यावर. तिचे दूध आटते, कारण बाळ अंगाला लागत नाही. मग पावडरचे दूध आणि त्याबरोबर बाटलीतले पाणी, भांड्यातले जंतू. याला उपाय म्हणून बाळाला उघडे करून आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बांधायची पद्धत कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात 1970 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. कांगारू पद्धत म्हणतात तिला. तिथे पेट्या पुरत नव्हत्या म्हणून गरिबांच्या दवाखान्यातून ती निघाली आणि आज सगळ्या जगाने उचलली आहे.

पुढे भारत, घाना, मालावी, नायजेरिया आणि टांझानिया या 5 देशांतल्या रुग्णालयांत 1 ते 1.8 किलो वजनाच्या बाळांवर मोठा अभ्यास झाला. भारतातले रुग्णालय होते दिल्लीचे सफदरजंग. काही बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवले आणि त्यासाठी आईची खाट कक्षातच टाकली. बाकीच्यांना रिवाजाप्रमाणे आधी पेटीत आणि प्रकृती स्थिरावल्यावर छातीशी. 2021 साली निकाल आला. रिवाजाच्या गटात 28 दिवसांत 100 पैकी 15.7 बाळे दगावली होती, छातीशी ठेवलेल्या गटात 12. सेप्सिसचा संशय रिवाजाच्या गटात 27.8 टक्के, दुसऱ्यात 22.9 टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण उरलेल्या बाळांना या लाभापासून दूर ठेवणे अन्यायाचे ठरले असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली आपली शिफारस बदलली. इथे कोणतेही महागडे औषध लागले नाही. आईची एक खाट लागली, तिला दोन वेळचे जेवण लागले आणि शिकवलेली सिस्टर लागली.

सत्तर किलोमीटरचा रस्ता

आता आपल्या दोन तालुक्यांकडे येऊ. शिरूरहून पुणे सुमारे 70 किलोमीटर, दौंडहून सुमारे 80. औंधचे जिल्हा रुग्णालय तर शहराच्या पलीकडच्या अंगाला. शिरूरच्या वाटेवर शिकरापूर, कोरेगाव भीमा, वाघोली. दौंडच्या वाटेवर लोणी काळभोर, हडपसर. या रस्त्यांवर टोमॅटोची गाडी किती तास अडकते ते आपल्याला ठाऊक आहे. टोमॅटो थोडा नरम पडला तर भाव पडतो. किलोभराचे बाळ गार पडले तर संपते.

दौंड तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका जोडप्याची हकीकत मी बैठकीत ऐकली. बाळ 1,200 ग्रॅमचे. पहिल्या दवाखान्यात पेटी नव्हती. दुसऱ्यात पेटी होती, पण रात्रपाळीला माणूस नव्हते. तिसऱ्यात दोन्ही होते, पण आधी पैसे भरा म्हणाले. या तिन्ही दारांत बाळ एका साध्या टॉवेलात गुंडाळलेले होते. छातीशी बांधून न्या, असे एकाही ठिकाणी कोणी त्या माउलीला सांगितले नाही. बाळ नवव्या दिवशी गेले. कागदावर कारण लिहिले कमी वजन. कमी वजन हे कारण झाले का? पीक वाळले तर आपण "रोप लहान होते" असे लिहून पंचनामा संपवतो का?

आणि बिल? खासगीत दिवसाला समजा 5,000 रुपये धरले आणि एवढ्याशा बाळाचा मुक्काम 40 दिवस, तर 2 लाख रुपये झाले. कांदा 10 रुपये किलोने गेला तर 200 क्विंटल कांदा लागला. म्हणजे 2 एकरांचे चांगले पीक, खर्च वजा न करता. शेतकऱ्याच्या कर्जाचा विचार करताना बियाणे, खत, पंप यांचा हिशोब आपण मांडतो. दवाखान्याचा आकडा सावकाराच्या वहीत असतो, आपल्या निवेदनात नसतो. हा विषय शेतकरी चळवळीचा कसा, असे विचारणाऱ्यांनी ती वही उघडून पाहावी.

गडचिरोलीने काय दाखवले

"खेड्यात हे होणे शक्य नाही, त्याला मोठे डॉक्टर लागतात," असे सांगणारे शहाणे भेटतात. त्यांना गडचिरोली दाखवा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. वजन करणे, ऊब राखणे, अंगावर पाजायला मदत करणे, सेप्सिसची लक्षणे ओळखणे आणि आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडावाटे औषध देणे. तिथे आधी जन्मणाऱ्या दर 1,000 बाळांपैकी 62 बाळे पहिल्या महिन्यातच जात होती. तीन वर्षांत तो आकडा 25 वर आला. सेप्सिस झालेल्या 100 बाळांपैकी आधी 16.6 दगावत होती, उपचार सुरू झाल्यावर 2.8. हे निष्कर्ष 1999 साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

ही किमया कोणी केली? गावातल्या, थोड्याफार शिकलेल्या बायकांनी. पुढे 2011 साली सरकारने आशाताईंच्या गृहभेटींची योजना देशभर काढली, तेव्हा वजनकाटा दिला, थर्मामीटर दिला, इंजेक्शन मात्र दिले नाही. 2014 साली ती परवानगी एएनएम सिस्टरला मिळाली, तीही बाळाला पुढे पाठवणे शक्य नसेल तेव्हाच. गावच्या बाईवर विश्वास टाकायला सरकारला वीस-वीस वर्षे लागतात.

कोणी म्हणेल, दीड किलोच्या आतले बाळ घरी कसे सांभाळायचे? बरोबर आहे. 1,200 ग्रॅमचे बाळ घरी ठेवा असे मी म्हणत नाही, त्याला कक्ष हवाच. गडचिरोलीचा धडा वेगळा आहे. लक्षण ओळखणारे माणूस, धुतलेले हात आणि वेळेवर पहिला डोस, या तीन गोष्टी बाळाजवळ असल्या तर मरण हटते. या तीन गोष्टी गडचिरोलीच्या जंगलात पोहोचल्या. पुण्यापासून 70 किलोमीटरवर का पोहोचू नयेत?

आणि आपला तालुका काही आडबाजूला नाही. शिरूरमधल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. खेड्यातल्या मुलींना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. कोयाजीबाईंना 1993 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे वाट आपल्याच मातीत पाडलेली आहे. सरकारने ती रुंद करायची होती.

आग लागली की चौकशी

सरकारला बाळे कधी दिसतात? एकदम मेली की दिसतात. 2021 च्या 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून 10 बाळे गेली. 2023 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांतली 12 नवजात बाळे. मंत्री आले, समिती बसली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन रिकाम्या पदांचा हिशोब मागितला. रिकामी पदे! न्यायालयाने बोट ठेवले ते बरोबर जागी ठेवले.

पण एकेक करून जाणाऱ्या बाळांची समिती कधी बसत नाही. नमुना नोंदणीच्या 2020 च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात जन्मणाऱ्या दर 1,000 बाळांपैकी 16 वर्षाच्या आत दगावतात, आणि त्यांतली 11 पहिल्या महिन्यातच. पहिला महिना सावरला तर बहुतेक लढाई जिंकली. आकडा पूर्वीपेक्षा उतरला आहे, हे मान्य. पण उरलेली बाळे कोणाच्या घरची आहेत? दारात मोटार असणाऱ्याच्या घरची की कोयता घेऊन आलेल्याच्या?

बाळाचे वजन आईच्या पाठीवर

जंतूची वाट अडवायची तशी बाळ एवढे लहान जन्मण्याचीही वाट अडवायला हवी. आपल्या जिल्ह्यातल्या 6 खेड्यांत 1993 पासून केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला. या बायकांचे दिवस जाण्याआधीचे सरासरी वजन 42 किलोच्या आसपास होते. पूर्ण दिवसांच्या बाळांचेही सरासरी वजन 2,665 ग्रॅम. ज्या बायकांच्या खाण्यात दूध, पालेभाज्या, फळे होती त्यांची बाळे वजनाला सरस. ज्यांच्या अंगावर कष्टाचे काम जास्त त्यांची बाळे लहान.

भावांनो, हे वाचून मान खाली जायला हवी. डेअरीला शेवटच्या थेंबापर्यंत दूध घालणारे आपण. भाजी मार्केटला पाठवणारे आपण. आणि आपल्याच घरातली गरोदर बाई चहात घालण्यापुरते दूध पाहते. हंगामात भीमा-घोडच्या काठी येणाऱ्या ऊसतोड बायका सातव्या-आठव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रक चढतात. त्या आपल्याच उसाच्या फडात असतात. उसाला दर मागताना त्यांच्या पोटातल्या बाळाचा हिशोब आपल्याही वहीत हवा.

औषध बोथट करणारे आपणही

शेवटचा मुद्दा कडू आहे. गाईच्या कासेला दगडी झाली की आपण दुकानातून जेंटामायसिन आणतो आणि मनाने टोचतो. डाळिंबावर तेल्या पडला की स्ट्रेप्टोमायसिनची पुडी टाकीत ओततो. बाळाच्या सेप्सिसला जे पहिले औषध द्यायचे, तेच हे जेंटामायसिन. अर्धवट मात्रेत, गरज नसताना, पुन्हा पुन्हा वापरले की जंतू त्याला सरावतो. फवारणीला अळी सरावते तसेच. कोलिस्टिन हे बाळासाठी शेवटचे राखून ठेवलेले औषध कोंबड्यांच्या खाद्यात घातले जात होते. 2019 साली सरकारने त्यावर बंदी घातली, ते योग्यच केले. सर्वात मोठा वाटा दवाखान्यांतल्या बेसुमार वापराचा आहे, हे खरे. पण म्हणून आपला वाटा शून्य होत नाही. सरकारला जाब विचारायचा तर आपला गोठाही साफ हवा.

मेळाव्यापुढे ठराव

1. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांसाठी 24 तास चालणारा कक्ष असावा. मंजूर पदे किती, भरलेली किती, रात्रपाळीला कोण, हे दवाखान्याच्या दारावरच्या फळ्यावर लिहावे.

2. आईची खाट कक्षातच असावी. बाळाच्या मुक्कामात तिला जेवण आणि बुडालेली मजुरी मिळावी.

3. बाळ पुढे पाठवताना पुढच्या ठिकाणी जागा आहे का ते दवाखान्याने स्वतः फोन करून विचारावे. संशय असेल तर पहिला डोस देऊन, चिठ्ठी लिहून, आईच्या छातीशी बांधूनच पाठवावे. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात आजारी नवजाताचे उपचार आणि वाहन मोफत आहे. एक रुपयाही मागितला तर तक्रार नोंदवावी.

4. प्रत्येक नवजात मृत्यूचे खरे कारण शोधून, बाळाचे नाव न घेता, ग्रामसभेत वाचावे. "कमी वजन" एवढे लिहून पंचनामा संपवू नये.

5. साखर कारखान्यांनी गरोदर ऊसतोड बायकांची नोंद ठेवावी. सातव्या महिन्यापासून मोळी उचलणे बंद, मजुरी चालू.

6. आपल्या सभासदांनी पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय जनावराला प्रतिजैविक टोचू नये आणि डाळिंबाच्या फवारणीत वापरू नये.

मेळाव्याआधी प्रत्येक शाखेने दोन माणसे आणि दोन बाया मिळून आपल्या भागातल्या सरकारी दवाखान्यात जावे. शक्यतो रात्री 10 नंतर जावे. कक्ष आहे का, नळाला पाणी आहे का, साबण आहे का, किती बाळांमागे किती सिस्टर आहेत, आई कुठे बसली आहे, एवढे पाच प्रश्न विचारून लिहून आणावे. सिस्टरशी भांडू नये, ती आपल्याच बाजूची आहे. भांडण वरच्यांशी आहे, आणि ते मोजलेल्या आकड्यांनी करायचे आहे.